टीव्हीवरच्या सुपरहिरोंची कॉमिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक लोखंडी कपाट आहे. घरचे त्याला 'हिचं बॅटमॅनचं कपाट' म्हणतात. त्यातल्या अंकांचे फोटो मी कधीमधी स्टेटसला टाकते आणि मग प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहून काढली. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट नंतर. मतं माझी आहेत आणि काही ठिकाणी ती जरा तिखट आहेत.

१. ताई, टाय-इन कॉमिक म्हणजे नेमकं काय? सुपरमॅन कॉमिकमधूनच टीव्हीवर आला ना, मग टीव्हीवरून परत कॉमिक कशाला?

मूळ सुपरमॅन १९३८ पासून कॉमिकमध्ये आहे. त्याच्यावरून टीव्ही मालिका निघाली की मालिकेतला सुपरमॅन वेगळा होतो. त्याचे आईवडील वेगळे वागतात, मित्र वेगळे असतात, काही माणसं तर फक्त मालिकेतच असतात. या दुसऱ्या सुपरमॅनच्या गोष्टी सांगणारं कॉमिक म्हणजे टाय-इन. मूळ कॉमिक आपल्या जागी चालूच असतं, हे शेजारी वेगळं चालतं.

'कशाला' याचं खरं उत्तर 'पैशाला' असं आहे. मालिका गाजतेय तोवर तिच्या नावावर डबे, टीशर्ट, वह्या विकल्या जातात, त्यातच एक कॉमिक. म्हणूनच यातली बरीच कॉमिक्स टुकार असतात. पण टीव्हीला जे परवडत नाही, ज्याची परवानगी मिळत नाही किंवा जे सांगायच्या आत मालिका गुंडाळली जाते, ते एखादं टाय-इन करून दाखवतं. टाय-इन हातात घेतलं की मी एवढंच बघते: यात टीव्हीवर होऊ न शकलेलं काही आहे का? नसेल तर ठेवून द्यायचं.

२. मालिका पाहिलेली नसेल तर कॉमिक कळेल का?

कार्टून मालिकांवरची कॉमिक्स बेलाशक घ्या. त्यातली गोष्ट बहुतेक वेळा एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपते. माणसांनी काम केलेल्या मालिकांची कॉमिक्स मात्र मागच्या सीझनचा हिशोब गृहीत धरतात. 'अॅरो सीझन २.५' हे दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधल्या काळातलं. ते आधी मालिका न पाहता वाचायला घेणं म्हणजे लग्नात थेट पंगतीला जाऊन बसण्यासारखं आहे. पोट भरेल, पण लग्न कोणाचं ते कळणार नाही.

३. एकच सांगा. सुरुवात कुठून करू?

'मॅड लव्ह'. साल १९९४, लेखक पॉल डिनी, चित्रं ब्रूस टिम. १९९२ साली सुरू झालेल्या बॅटमॅनच्या कार्टून मालिकेमागचीच ही दोन माणसं. या एका अंकाला त्या वर्षी आयझनर पुरस्कार मिळाला. आयझनर म्हणजे कॉमिक्सच्या जगातला सगळ्यात मानाचा.

गोष्ट हार्ली क्विनची. जोकरवर उपचार करणारी डॉक्टर त्याच्या प्रेमात पडून विदूषकाचे कपडे घालते, ती हार्ली. जोकरकडे एक जुनी योजना पडून आहे: बॅटमॅनला पिरान्हा माशांच्या टाकीत सोडायचं आणि मरता मरता त्याला शंभर हसरे चेहरे दाखवायचे. अडचण अशी की पिरान्हाचं तोंड पडलेलं असतं, तो हसरा दिसतच नाही. जोकर योजना सोडून देतो. हार्ली ती उचलते, बॅटमॅनला पकडते आणि टाकीवर उलटा टांगते. उलट्या माणसाला पडलेलं तोंड हसरं दिसतं!

एवढ्या साध्या युक्तीवर अख्खी शोकांतिका उभी आहे. जोकरला जमलं नाही ते हिला जमलं, आणि नेमकं तेच त्याला सहन होत नाही. तो तिला खिडकीतून ढकलून देतो. शेवटच्या पानावर पट्ट्यांत गुंडाळलेली हार्ली आता तरी शहाणी झाली असं वाटत असतानाच तिला त्याच्याकडून आलेलं गुलाबाचं फूल दिसतं. टिमच्या रेषा इतक्या मोजक्या आहेत की डोळ्यांच्या जागी दोन वळणं आणि तोंडाच्या जागी एक, बास. त्या तीन रेषांत ती बाई परत फसते. मी हे पान कितीदा पाहिलं असेल देव जाणे, दर वेळी तिचा राग येतो.

पुढे १९९९ साली यावरून मालिकेचा एक भाग झाला. म्हणजे कार्टूनवरून कॉमिक आणि त्या कॉमिकवरून परत कार्टून. तो भागही चांगला आहे, पण कॉमिक सरस.

४. या गोष्टी 'खऱ्या' धरायच्या का? मालिकेत घडलं असंच समजायचं?

आमच्या भाषेत याला कॅनन म्हणतात, आणि यावरून मी माणसांना चहा थंड होईपर्यंत भांडताना पाहिलंय. माझा नियम असा: कॉमिक लिहिणारा माणूस कोण आहे ते बघा.

'यंग जस्टिस' या कार्टूनचं कॉमिक २०११ ते २०१३ चाललं. मालिकेच्या निर्मात्यांपैकी ग्रेग वाइजमन यानं केव्हिन हॉप्ससोबत त्यातले बरेच अंक स्वतः लिहिले. मालिकेत प्रत्येक प्रसंगाला तारीख आणि वेळ पडद्यावर येते, कॉमिकमध्येही तसंच. त्यामुळे अमुक अंक अमुक दोन भागांच्या मध्ये बसतो हे कॅलेंडर घेऊन जुळवता येतं. मी एका मे महिन्याच्या सुट्टीत जुळवलंसुद्धा होतं, भावजयीनं कपाळावर हात मारला. हे कॉमिक खरं धरा.

'अॅरो २.५' लिहिणारा मार्क गुगेनहाइम हा त्या मालिकेचा एक निर्माता. तेही धरा, पण मालिकेनं पुढे काही वेगळं दाखवलं तर मालिकेचा शब्द शेवटचा. लेखकाचा मालिकेशी काहीच संबंध नसेल तर गोष्ट म्हणून वाचा आणि सोडून द्या. मालिका संपल्यावर आलेल्या कॉमिक्सचं गणित निराळं आहे, ते प्रश्न १२ मध्ये.

५. तुम्ही प्रत्येक वेळी 'चेहरे, चेहरे' करून का चिडता?

कारण त्यामुळे चित्रं मरतात. मालिकेतला नट कॉमिकमध्ये ओळखू आला पाहिजे अशी अपेक्षा असते. चित्रकारासमोर प्रसिद्धीचे फोटो असतात. मग तो फोटोतला चेहरा जसाच्या तसा उतरवतो, मानेखालचं शरीर मात्र मनानं काढतो. परिणाम असा की नायक इमारतीवरून खाली पडतोय आणि चेहऱ्यावर मात्र पोस्टरमधलं मंद स्मित. जत्रेत पुठ्ठ्याच्या भोकातून तोंड बाहेर काढून फोटो काढतात, तसं दिसतं ते.

त्यात नटाचा चेहरा वापरायला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर तोच माणूस मुद्दाम वेगळा काढावा लागतो, की मग वाचक विचारणार, हा कोण? कार्टूनवरच्या कॉमिक्सना ही कटकट नाही, तिथला चेहरा आधीच रेषेचा असतो. माझ्या आवडत्या यादीत कार्टूनवाली जास्त का, याचं निम्मं कारण हेच.

'वंडर वुमन ७७' मधली लिंडा कार्टर, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या मालिकेतली नटी, बऱ्याच ठिकाणी छान उतरली आहे. पण तिची ती गोल गिरकी घेऊन वंडर वुमन होण्याची लकब कागदावर जमत नाही. गिरकी ही हलत्या चित्रातच बघायची गोष्ट.

६. 'स्मॉलव्हिल' दहा सीझन पाहिली. सीझन ११ कॉमिकमध्ये आहे असं ऐकलं, वाचू का?

वाचाच. प्रश्न १ मधली माझी कसोटी याच्याइतकी दुसरं कुठलं कॉमिक पार करत नाही.

तरुण सुपरमॅनची, म्हणजे क्लार्कची, ही मालिका २००१ ते २०११ चालली. करणाऱ्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की क्लार्क निळा-लाल पोशाख घालणार नाही आणि उडणार नाही. दहा वर्षं आम्ही वाट पाहिली. शेवटच्या भागात तो उडाला, शर्टाची बटणं उघडली, आणि मालिका संपली! घरात मी एकटीच टीव्हीसमोर उभी राहून ओरडले होते.

२०१२ मध्ये कॉमिक सुरू झालं. लेखक ब्रायन क्यू. मिलर, तो मालिकेच्या लेखकांतलाच. आता क्लार्क पहिल्याच अंकापासून पोशाखात आहे, उडतोय, आणि खर्चाची चिंता नाही. अंतराळातला प्रसंग काढायला चित्रकाराला तेवढीच शाई लागते जेवढी स्वयंपाकघरातला काढायला. पेरे पेरेझची चित्रं मोकळी आहेत. नटांची आठवण येते, पण फोटो चिकटवल्यासारखं वाटत नाही.

आणि बॅटमॅन येतो. मालिका चालू असताना बॅटमॅन मोठ्या पडद्यासाठी राखून ठेवलेला होता, छोट्या पडद्यावर तो मिळणं शक्य नव्हतं. कॉमिकमध्ये ती भिंतच नाही. त्याच्यासोबत नाइटविंग म्हणून बार्बरा गॉर्डन आहे. पुढे वंडर वुमनही येते.

तक्रार एकच. नंतरनंतर पाहुणे इतके वाढले की क्लार्क आणि लोइसचं घर रिकामं वाटायला लागतं. मालिकेचा जीव त्या दोघांच्या स्वयंपाकघरातल्या भांडणांत होता. चित्रकाराला स्वयंपाकघरही तेवढ्याच शाईत मिळत होतं, हे मिलर कुठेतरी विसरला.

७. 'बॅटमॅन ६६' पोरकट नाही का? धाड-धूम-फटाक?

आहे की. मूळ मालिकाच तशी होती, १९६६ ते १९६८, १२० भाग. बॅटमॅन झालेला अॅडम वेस्ट चेहरा जराही न हलवता अशक्य वाक्यं म्हणायचा, तीच गंमत. २०१३ मध्ये जेफ पार्करनं कॉमिक लिहायला घेतलं आणि तो सूर त्यानं अचूक पकडला. पहिल्या अंकात जोनाथन केसनं जुन्या छपाईसारखे ठिपक्या-ठिपक्यांचे रंग वापरलेत. डिजिटल आवृत्तीत बोटानं टिचकी मारली की 'पॉव'ची अक्षरं पॅनेलवर येऊन आदळतात.

मूळ मालिकेत टू-फेस हा खलनायक कधी आलाच नाही. हार्लन एलिसननं साठच्या दशकात त्याची एक गोष्ट लिहून दिली होती, ती चित्रित झाली नाही. २०१४ मध्ये लेन वाइननं तिचं कॉमिक केलं, चित्रं होसे लुइस गार्सिया-लोपेझची. जवळपास पन्नास वर्षं अडकलेला भाग कागदावर प्रदर्शित झाला म्हणायचा. कॉमिकमध्ये १९९३ साली जन्मलेला बेन हा खलनायकसुद्धा यात साठच्या दशकातला होऊन येतो. ते मला फार रुचलं नाही, पण पुतण्या खदाखदा हसला.

८. टीव्हीवरून मूळ कॉमिकमध्ये उलटं कोणी गेलंय का?

पुष्कळ. हार्ली क्विन १९९२ मध्ये कार्टूनसाठी जन्मली, पुढच्या वर्षी टाय-इनमध्ये आली आणि १९९९ मध्ये बॅटमॅनच्या मुख्य कॉमिकमध्ये. एक्स-२३ ही मुलगी 'एक्स-मेन इव्होल्युशन' या कार्टूनमधून आली. 'अॅरो'मधलं डिगल हे पात्र मालिकेतून कॉमिकमध्ये गेलं. त्याचं आडनावच मुळात अँडी डिगल या कॉमिक्सच्या लेखकावरून ठेवलेलं.

आणि हे टीव्हीच्याही आधीपासून चालू आहे. सुपरमॅनला हतबल करणारा क्रिप्टोनाइट पहिल्यांदा आला १९४३ मध्ये, रेडिओवर! कॉमिकमध्ये यायला त्याला १९४९ उजाडलं.

९. मार्व्हलचं काहीच का सांगत नाही?

कारण त्यांच्या मालिकांची टाय-इन बहुतेक जाहिरातीच्या पत्रकासारखी आहेत. अपवाद 'जेसिका जोन्स'चा २०१५ चा डिजिटल अंक. तो मूळ कॉमिकच्याच ब्रायन मायकेल बेंडिस आणि मायकेल गेडोस या जोडीनं केला. नव्वदच्या दशकातलं 'एक्स-मेन अॅडव्हेंचर्स' मी आठवणींपोटी ठेवलंय, शिफारस करणार नाही.

१०. नाशिकमध्ये मिळतात कुठे?

नवी हवी असतील तर खरं सांगायचं तर मिळत नाहीत. कॉलेज रोडच्या दुकानांत मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, भिंती उभ्या राहिल्यात, बॅटमॅनचे दोन-चार जाड संग्रहही दिसतात, पण टाय-इन मागितलं की मुलगा संगणकात बघतो आणि 'ऑर्डर करावं लागेल मॅडम' म्हणतो. 'सावानात बघा' असं काकामंडळी सुचवतात. सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० सालचं आहे, माझं अर्धं वाचन तिथलं, पण ही वस्तू तिथं मला कधी दिसलेली नाही.

जुनी मात्र भेटतात, शोधायला गेलं नाही तर. माझा पहिला 'बॅटमॅन अॅडव्हेंचर्स' रविवार कारंज्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाला. इंजिनिअरिंगच्या गाइडांच्या गठ्ठ्यात, सुतळीखाली, मुखपृष्ठ गायब. त्यानं तो वजनावर दिला. घरी येऊन उघडला तर गोष्ट तीन अंकांत विभागलेली, नाटकासारखी, आणि प्रत्येक अंकाला वेगळं शीर्षकचित्र. १९९२ च्या कार्टून मालिकेच्या प्रत्येक भागाला असायचं तसंच. मुखपृष्ठ नसल्यामुळे तो कितवा क्रमांक हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ऑनलाइन जुने अंक मागवताना विक्रेत्याकडून आतल्या पानांचे फोटो घ्याच. एकानं मला 'उत्तम स्थितीत' म्हणून जे पाठवलं त्यातलं मधलं पान कोणीतरी प्रोजेक्टसाठी कापून नेलेलं होतं. बाकी किंडलवर यातलं बरंचसं मिळतं. सवलत लागते तेव्हा घ्यायचं.

११. छापील अंक आणि डिजिटल अंक यांचे क्रमांक जुळत नाहीत. मी काही चुकवलंय का?

नाही. 'स्मॉलव्हिल', 'बॅटमॅन ६६', 'अॅरो' ही सगळी आधी डिजिटल निघाली. आठवड्याला छोटे छोटे भाग यायचे, मग दोन-तीन भाग जोडून एक छापील अंक. म्हणून डिजिटलचे आकडे भराभर पुढे जातात. भानगड टाळायची तर संग्रह घ्या आणि त्यावरचा खंड क्रमांक धरा. एक खबरदारी: 'स्मॉलव्हिल'चे शेवटचे भाग वेगवेगळ्या नावांच्या छोट्या मालिका म्हणून आलेत. सगळ्यात शेवटची 'कंटिन्युइटी', ती आधी वाचू नका.

१२. मालिका बंद झाली, कॉमिकही थांबलं. मग खरा शेवट कुठला?

इथं माझा प्रश्न ४ मधला नियम लंगडा पडतो. 'यंग जस्टिस' २०१३ मध्ये बंद पडली, कॉमिकही त्याच सुमारास. सहा वर्षं चाहत्यांकडे उघडं टोक राहिलं. २०१९ मध्ये तिसरा सीझन आला आणि त्यानं कॉमिक झिडकारलं नाही. असं भाग्य क्वचित.

उलटा प्रकार 'अर्थ-प्राइम'चा. २०२२ मधले सहा अंक, त्या वेळी चालू असलेल्या मालिकांवरचे, पहिला 'बॅटवुमन'चा, तिसरा 'लेजंड्स ऑफ टुमॉरो'चा. अंक निघत असतानाच एप्रिलच्या अखेरीस या दोन्ही मालिका रद्द झाल्याचं जाहीर झालं. 'लेजंड्स'चा अंक त्यानंतर बाजारात आला. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या नावानं आलेलं कुरिअर घ्यावं, तसा मी तो घेतला.

'स्मॉलव्हिल'पुरतं विचाराल तर माझ्या मते शेवट टीव्हीवरचाच. बटणं उघडतात आणि संगीत वाजतं. कॉमिक ही त्यानंतरची गप्पांची बैठक.

१३. 'बफी' सुपरहिरो आहे का? यात मोजायची का?

अंगात अचाट ताकद, रात्री राक्षस मारते, दिवसा कॉलेज. मी मोजते. तिच्या टीव्ही मालिकेच्या पुढचं 'सीझन ८' हे कॉमिक २००७ ते २०११, ४० अंक, मालिकेच्या कर्त्याच्याच देखरेखीखाली. पण बजेटची वेसण सुटल्यावर काय होतं याचं ते वाईट उदाहरणही आहे. बफीच्या बहिणीला त्यात राक्षसाएवढी उंच केली आहे. टीव्हीवर कधीच परवडलं नसतं, आणि न परवडलेलंच बरं होतं.

१४. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. काय देऊ?

'टीन टायटन्स गो!' नावाचं २००४ ते २००८ चं कॉमिक. हे जुन्या 'टीन टायटन्स' कार्टूनवरचं आहे. त्याच नावाचं नंतरचं कार्टून वेगळं, गोंधळू नका. 'बॅटमॅन अॅडव्हेंचर्स'ही चालेल. 'मॅड लव्ह' मात्र दहावीनंतर. चित्रं बाळबोध दिसतात, गोष्ट मारहाण करणाऱ्या पुरुषाची आहे.

१५. मराठीत काही आहे का? आपल्या शक्तिमानचं?

टीव्हीवरच्या सुपरहिरोचं धड मराठी टाय-इन माझ्या हाती आजवर लागलेलं नाही. शक्तिमान १९९७ ते २००५ दूरदर्शनवर होता आणि त्याची हिंदी कॉमिक्स निघाली. शाळेत असताना सीबीएस या बस स्टँडवर आईकडे हट्ट करून एक घेतलं होतं. गिरकी तिथंही जमली नव्हती.

मराठीत मुखवटेवाला म्हटलं की आधीच्या पिढीला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आठवतो. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्या होत्या. बाबा अजून आवाज काढून त्यातले संवाद म्हणतात. पण वेताळ वर्तमानपत्री चित्रमालिकेतून आला, टीव्हीचा संबंध नाही.

१६. पावसाळ्यात अंक कसे सांभाळता?

प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, अंक उभे. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. कडुलिंबाचा पाला घालू नका, त्याचे डाग पडतात. आजीचं ऐकून मी घातला होता.

१७. तुमचा 'मॅड लव्ह' आठवडाभर वाचायला मिळेल का?

नाही. २०१६ मध्ये एका मित्राला दिला होता. त्यानं तो मिसळ खाताना वाचला. पिरान्हाच्या टाकीवर आता तर्रीचा एक लाल थेंब आहे, बरोबर पाण्यात. बघणाऱ्याला वाटतं टिमनंच काढलाय. घरी येऊन वाचा, हात धुवून.